दस्तुरीपासून डिपॉझिटपर्यंत

१७ मार्च १९८७ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एक छोटी जाहिरात आली. गुप्तचर अधिकारी आणि सुरक्षा अधिकारी या पदांसाठी तडफदार पदवीधर हवे होते आणि मुलाखती ताजमहाल हॉटेलात होणार होत्या. ‘ताज’ हे नाव वाचूनच निम्म्या शंका विरल्या असणार. सरकारी खातं पंचतारांकित हॉटेलात मुलाखती कशाला घेईल, असा प्रश्न कुणाला पडला असला तरी त्यानं तो मनातच ठेवला. मोनसिंग असं नाव सांगणाऱ्या रुबाबदार माणसानं मुलाखती घेतल्या, २६ जण निवडले, त्यांना ओळखपत्रं दिली आणि १९ तारखेला बसमध्ये बसवून ऑपेरा हाउसला नेलं. आज सरावाची धाड घालायची आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीत हे पथक शिरलं. मोनसिंगनं झडतीचं वॉरंट दाखवलं, मालकाचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर ताब्यात घेतलं, कॅमेरे बंद करायला लावले आणि दागिने ‘नमुने’ म्हणून मोहोरबंद करून घेतले. मग पोरांना पहारा ठेवायला सांगून तो ब्रीफकेससकट बाहेर पडला, तो आजतागायत सापडलेला नाही. ऐवज ३०-३५ लाखांचा होता. साहेब बराच वेळ परतले नाहीत तेव्हा पोलिस आले. त्यांना पेढीत सापडली ती नोकरीचा पहिला दिवस इमानेइतबारे पार पाडणारी माणसं.

२०१३ च्या ‘स्पेशल २६’ या चित्रपटानं ही हकिकत घरोघरी पोचवली. पण ती सांगताना सगळ्यांचं लक्ष जातं ते दागिन्यांकडे. त्या २६ जणांच्या बाजूनं पाहिलं तर ती एका बनावट भरतीची गोष्ट आहे, आणि तीही अपवादात्मक. जाहिरात, मुलाखत, निवड, ओळखपत्र, प्रशिक्षण, असं खऱ्या भरतीचं सगळं सोंग मोनसिंगनं वठवलं, पण उमेदवारांकडून एक पैसा घेतला नाही. या धंद्यातल्या बाकीच्या मंडळींचं पोट मात्र उमेदवाराच्याच खिशावर चालत आलेलं आहे.

उमेदवार पैसे देतो तरी का? लोभी असतो म्हणून, भोळा असतो म्हणून, अशी उत्तरं बाहेरच्यांना चटकन सुचतात. मुंबईच्या नोकरभरतीचा इतिहास वेगळं सांगतो. या शहरात दीडशे वर्षं खरी नोकरीही मधल्या माणसाचा हात ओला केल्याशिवाय क्वचितच मिळत होती. खरा मुकादम पैसे घेई, बोटीवरचा खरा सारंग घेई, आखाताला खरोखर पाठवणारा एजंटही घेई. मग खोट्याला वेगळं काय करावं लागणार? त्यानं फक्त चालू असलेला रिवाज पाळायचा.

या साखळीचं जुनं टोक शोधायचं तर मळ्यांवरच्या मजुरांपर्यंत जावं लागतं. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी बंद झाली आणि १८३४ मध्ये मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी करारबद्ध भारतीय मजुरांची पहिली जहाजं लागली. चारच वर्षांत तक्रारी इतक्या वाढल्या की कलकत्त्यात चौकशी समिती बसली. माणसं फसवून, कुठे नेतोय ते न सांगता, चढवली जातात हे समितीच्या कामातून पुढे आलं. १८३९ मध्ये मजूर पाठवण्यावर बंदी आली आणि थोड्याच वर्षांत ती उठलीही, कारण मळेवाल्यांना हात हवे होते. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजं गेली. कोकणातली आणि घाटावरची मराठी कुटुंबं मॉरिशसला पोचली ती याच वाटेनं. तिथे आज गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, ती या लोकांच्या नातवंडा-पतवंडांमुळे.

हे मजूर गोळा करणारी यंत्रणा कागदावर चोख होती. भरती करणाऱ्याला सरकारी परवाना हवा, मजुराची नोंद मॅजिस्ट्रेटसमोर व्हायला हवी, करार समजावून सांगायला हवा. १८८३ च्या कायद्यात तर या सगळ्याची बारीक तजवीज होती. पण परवानेवाला गावोगाव हिंडत नसे. हिंडत असे तो आरकाटी. त्याच्याकडे परवाना नव्हता आणि त्याचं नाव कुठल्या दप्तरात नव्हतं. यात्रेत, बाजारात, रेल्वे स्टेशनवर, धर्मशाळेत तो माणूस हेरायचा. घरातून भांडून निघालेला, कर्जात बुडालेला, दुष्काळात गाव सोडलेला असा कुणी दिसला की जवळ जाऊन गोड बोलायचा आणि त्याला परवानेवाल्याच्या हवाली करून डोक्यामागे ठरलेली रक्कम घ्यायचा. बाईमाणूस आणून दिलं तर रक्कम जास्त, कारण शंभर पुरुषांमागे ४० स्त्रिया पाठवण्याचा नियम होता आणि तो आकडा भरता भरत नसे. सुरिनामला तो ‘श्रीराम टापू’ म्हणायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला एखादं तीर्थक्षेत्रच वाटावं.

तोताराम सनाढ्य हा तरुण १८९३ मध्ये प्रयागच्या बाजारात असाच एका आरकाट्याच्या हाती लागला. २१ वर्षं फिजीत काढून परतल्यावर त्यांनी आपली कहाणी सांगितली आणि १९१४ मध्ये ती हिंदीत पुस्तकरूपानं आली. त्यातला मॅजिस्ट्रेटपुढचा प्रसंग आजच्या वाचकानंही नीट वाचावा असा आहे. आरकाट्यानं आधीच सगळ्यांना पढवून ठेवलं होतं की साहेब काहीही विचारो, ‘हो’ म्हणा. साहेबानं विचारलं, फिजीला जायला राजी आहेस का? फिजी कुठे आहे, तिथे काय काम, नाही केलं तर काय शिक्षा, यातलं काहीच सांगितलं नाही. सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. दीडशेहून जास्त माणसांची नोंदणी अगदी थोडक्या वेळात उरकली. फसवणूक थांबवण्यासाठी उभी केलेली पायरीच फसवणुकीवर सरकारी शिक्का मारून देत होती.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हीच बाब मध्यवर्ती विधिमंडळात लावून धरली. मार्च १९१२ मध्ये त्यांनी करारबद्ध मजुरीची पद्धत साफ बंद करण्याचा ठराव मांडला. अडाणी माणसाला कुठे जातोय, किती वर्षांसाठी, मोडलं तर तुरुंग, हे कळत नसताना त्या कराराला करार कसं म्हणायचं, असा त्यांचा रोख होता. सरकारी बहुमतानं ठराव पडला. भरती थांबली ती १९१७ मध्ये, आणि १९२० च्या आरंभी उरलेसुरले करारही रद्द झाले.

मुंबईच्या गिरण्यांत आरकाटी नव्हता, जॉबर होता. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत ती चालू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात परळ-लालबाग-गिरणगावात माणसं लोटली, बहुतेक रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची. या माणसांना कामावर घेणं, काढणं, सुट्टी देणं हे सगळं जॉबरच्या हातात होतं. स्त्रियांच्या खात्यात हेच काम नाईकीण करायची. सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगारांची रांग लागायची आणि जॉबर बोट दाखवेल तो आत जायचा. लागताना एकरकमी पैसे, पुढे दरमहा थोडे, आजारपणानंतर परत घ्यायचं तर पुन्हा काही, ही झाली दस्तुरी. वाण्याकडची उधारी, चाळीतली खोली, खानावळीतलं ताट या सगळ्यांत जॉबरचा शब्द चालायचा. गावाकडचा असेल तर तो ‘आपला माणूस’ही असायचा, आणि अनेकदा खरंच अडीअडचणीला उभाही राहायचा. म्हणून त्याला नुसता लाचखोर म्हणून निकालात काढता येत नाही.

१९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली कमिशननं देशभरच्या कामगारांची पाहणी केली, १९३१ मध्ये अहवाल दिला आणि जॉबरच्या लाचखोरीवर नेमकं बोट ठेवलं. भरतीचे अधिकार त्याच्याकडून काढून घ्या आणि गिरणीत लेबर ऑफिसर नेमा, अशी शिफारस झाली. १९३५ च्या सुमारास मालकसंघानं बदली कामगारांना कार्डं देण्याची योजना आणली. जॉबरचा जोर त्यानं कमी झाला, पण समजूत गेली नाही. ‘लावून द्यायला’ पैसे पडतात, हे वाक्य गिरणगावात शिकलेला बाप आपल्या मुलाला सांगत राहिला.

धोबीतलावच्या गोवेकरांची गोष्ट थोडी निराळी. बोटीवर नोकरी करणाऱ्या गोवेकरांनी गावागावाच्या नावानं ‘कूड’ काढली होती. दोन बोटींच्या मधल्या काळात माणूस तिथे नाममात्र भाड्यात राहायचा, भिंतीशी त्याची ट्रंक, समोर वेदी, संध्याकाळी प्रार्थना. स्वयंपाकी आणि स्टुअर्ड गोव्याचे, डेकवरचे खलाशी बरेचसे कोकणातले. बोट मिळणं मात्र सारंग, दलाल आणि त्यांच्या मागच्या सावकाराच्या मर्जीवर असायचं. १९२२ मध्ये खलाशांच्या भरतीवर खास समिती बसली, ती याच लाचखोरीमुळे. कुडीचा फायदा असा की कुठली बोट खरी, कुठला दलाल बुडवणारा, ही खबर जेवणाच्या टेबलावरच मिळायची. खोलीत एकट्यानं मोबाइल धरून बसलेल्या आजच्या उमेदवाराला नेमकी हीच सोय उरलेली नाही.

सरकारनंही पर्याय उभा केला होता. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झाले, १९४८ मध्ये ते सगळ्यांना खुले झाले आणि १९५९ मध्ये रिकाम्या जागा तिथे कळवणं मालकांना कायद्यानं बंधनकारक झालं. साठ-सत्तरच्या दशकात मॅट्रिक झालेल्या पोराला भेटेल तो विचारायचा, ‘एक्स्चेंजमध्ये नाव घातलंस का?’ पैसे लागत नव्हते. कॉल मात्र येता येत नव्हता. रांग हलत नसली की शेजारून हळूच आवाज येतोच, ‘माझ्या ओळखीचा एक जण आहे.’

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि आखातात बांधकामाची लाट आली. गवंडी, सुतार, वेल्डर, ड्रायव्हर, आया, नर्स अशा सगळ्यांना मागणी आली आणि भरतीचं केंद्र झाली मुंबई. केरळपासून बिहारपर्यंतची माणसं इथे येऊन थांबू लागली. डोंगरी, मोहम्मद अली रोड, भायखळा, माहीम, फोर्ट या भागांत एका टेबलाच्या, दोन खुर्च्यांच्या कचेऱ्या निघाल्या. भिंतीवर अरबी अक्षरांचं कॅलेंडर, काचेखाली विमान कंपनीचा नकाशा, दाराबाहेर चपलांचा ढीग. आत पासपोर्टांचे गठ्ठे रबरबँडमध्ये. वेल्डरची ‘ट्रेड टेस्ट’ कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये व्हायची, ती खरी असायची. मेडिकल व्हायची, तीही खरी. व्हिसा आला का, या प्रश्नाला ‘परवा’ हे उत्तर मिळायचं, आणि तेही कधी कधी खरं निघायचं. हीच खरी मेख होती. एकाच कचेरीतून दहा जण खरोखर दुबईला जायचे आणि अकराव्याचा पासपोर्ट घेऊन एजंट कचेरीला कुलूप लावायचा. रायगड-रत्नागिरीच्या अनेक घरांत पहिला पक्का मजला आखाताच्या पैशानं चढला. त्याच गावांत बायकोच्या पाटल्या मोडून मुंबईला गेलेला आणि सहा महिन्यांनी रिकाम्या हातानं आलेला एखादाही असायचा.

केरळनं या दुःखाचा विनोद केला. १९८७ च्या ‘नाडोडिक्काट्टु’ या मल्याळी चित्रपटात दोन बेकार तरुणांना एजंट बोटीनं दुबईला सोडतो. किनाऱ्यावर उतरून ते अरबी वेष चढवतात, आणि थोड्या वेळानं कळतं की हा मद्रासचा समुद्र आहे. थिएटरात खो खो हसणाऱ्यांत असे पैसे घालवलेले बरेच जण बसले असतील.

आखाताच्या या सगळ्या भरतीवर लागू होता तो कायदा १९२२ चा, मळ्यांच्या मजुरांची आठवण ठेवून केलेला. १९७९ मध्ये कांगा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सरकारला नव्या कायद्याकडे ढकललं आणि डिसेंबर १९८३ पासून उत्प्रवास कायदा लागू झाला. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय परदेशी नोकरीसाठी कुणाची भरती करणं गुन्हा ठरलं. ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याच्या कचेरीतून मंजुरी घेणं कमी शिकलेल्यांना सक्तीचं झालं, आणि ही मंजुरी लागते की नाही हे सांगणारा पासपोर्टवरचा ईसीआर-ईसीएनआर शिक्का घराघरांत चर्चेचा विषय झाला. त्यावरही तोड निघाली. मंजुरी नसलेल्या माणसाला विमानतळावरून पार करून देण्याला मुंबईच्या एजंटांत ‘पुशिंग’ म्हणत आणि त्याचे दर वेगळे असत.

आज परिस्थिती कागदावर बरीच स्वच्छ आहे. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी कुणालाही पाहता येते. त्याच पोर्टलवर बेकायदा म्हणून जाहीर झालेल्या तीन हजारांवर एजंटांची नावंही आहेत. परवाना क्रमांक कचेरीत आणि प्रत्येक जाहिरातीत ठळकपणे छापावा लागतो, समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीतही. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी आहे आणि त्याची पावती द्यावी लागते. बेकायदा एजंट दोन ते पाच लाख मागतात आणि शक्यतो व्हॉट्सअॅपवरच बोलतात, पत्ता सांगायची टाळाटाळ करतात, असं परराष्ट्र मंत्रालयानं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरच केलं. पण गावात येऊन पैसे नेणारा असतो सब-एजंट. ‘आमचं लायसन्स आहे’ असं तो सांगतो, आणि लायसन्स खरोखर असतंही, मुंबईतल्या दुसऱ्याच कुणाच्या नावावर. आरकाट्याला ही रचना ओळखीची वाटली असती.

बोटीवरच्या नोकरीचा नियम त्याहून सरळ आहे. खलाशाकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घ्यायचेच नाहीत. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात ते लिहिलेलं आहे आणि भारतानं तो करार २०१५ मध्ये मान्य केला. भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो आणि त्या कंपन्यांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. तरीही सीबीडी बेलापूर, खारघर, वाशी या पट्ट्यात चकचकीत कचेरी थाटून, भिंतीवर नांगराचं चित्र लावून, पोरांकडून लाखांत पैसे घेणाऱ्यांचे गुन्हे नवी मुंबई पोलिसांकडे वर्षानुवर्षं दाखल होत आले आहेत. काही पोरं खरंच बोटीवर चढतात. ती बोट इराणच्या किंवा आखाताच्या कुठल्या तरी बंदरात मालकानं सोडून दिलेली किंवा कागदपत्रं नसलेली निघते. पगार नाही, पासपोर्ट कप्तानाकडे, आणि घरच्यांनी पैसे तर ‘जॉइनिंग’साठी आधीच भरलेले.

देशातल्या नोकऱ्यांकडे पाहिलं तर रिवाजाचा पगडा आणखी स्पष्ट दिसतो. २०२२ च्या जून-जुलैत तमिळनाडूतले किमान २८ तरुण नवी दिल्ली रेल्वे स्टेशनच्या वेगवेगळ्या फलाटांवर रोज आठ तास उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजत होते. तिकीट तपासनीस, वाहतूक सहायक, कारकून अशा पदांचं ते ‘प्रशिक्षण’ आहे, असं त्यांना सांगितलं होतं. महिनाभर ते चाललं. कुणी दोन लाख भरले होते, कुणी २४ लाख, सगळे मिळून २ कोटी ६७ लाख. वह्यांत आकडे नीट भरलेले होते. त्यांना दिल्लीला नेणारा निवृत्त सैनिक स्वतःच फसलेला होता, आणि तक्रार केली तीही त्यानंच. रेल्वेची भरती परीक्षेतूनच होते हे त्या पोरांना माहीत नव्हतं असं मानणं अवघड आहे. परीक्षेशिवायही एक दार असतं आणि त्याला किंमत असते, यावर त्यांचा जास्त विश्वास होता.

पुण्या-मुंबईतल्या इंजिनीअर पोरांकडे येणारं बनावट ऑफर लेटर याच विश्वासावर चालतं, फक्त त्याची भाषा सभ्य असते. वर मोठ्या कंपनीचा लोगो, कडा किंचित फुटलेल्या. पगाराचा तक्ता अगदी बारकाईनं मांडलेला, पीएफसकट. खाली ‘एचआर मॅनेजर’ची सही, आणि ईमेल कंपनीच्या पत्त्यावरून नव्हे, तर जीमेलवरून किंवा कंपनीच्या नावाला ‘करिअर्स’ असं शेपूट जोडलेल्या पत्त्यावरून. मुलाखत चॅटवर किंवा दहा मिनिटांच्या फोनवर झालेली असते. मग शेवटच्या परिच्छेदात लॅपटॉपसाठी, गणवेशासाठी, कागदपत्रांच्या पडताळणीसाठी काही हजारांची अनामत येते, ‘पहिल्या पगारात परत’. परत मिळणार म्हटलं की ती लाच वाटत नाही, हे लिहिणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं. एकदा भरली की पुढचा हप्ता येतो, मेडिकलचा, विम्याचा, गेटपासचा. रक्कम जाते कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर. मोठ्या आयटी आणि विमान कंपन्यांना ‘आम्ही उमेदवाराकडून कधीही पैसे घेत नाही’ अशा जाहीर सूचना पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात. जॉबरच्या काळात असं वाक्य लिहिण्याची हिंमत कुठल्याच गिरणीमालकाला झाली नसती, आणि एवढा फरक नक्कीच पडला आहे. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर जाऊन ती जागा खरंच आहे का हे पाहणं, किंवा तिथल्या क्रमांकावर फोन करून ऑफर खरी आहे का हे विचारणं, यात पाच मिनिटं जातात. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावं तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात पोचण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

अनामत न मागणारा एक प्रकारही आहे आणि तो जास्त कावेबाज आहे. घरबसल्या डेटा एंट्रीचं काम, नोंदणी फुकट, फक्त एका ऑनलाइन करारावर सही. आठवडाभर रात्री जागून शेकडो पानं टाइप केली की उत्तर येतं, अचूकता कमी पडली, करारभंग झाला, भरपाई भरा. मागोमाग ‘वकिला’चा फोन आणि कोर्टाच्या शिक्क्यासारखं काहीतरी छापलेली नोटीस येते. गृहिणी, विद्यार्थी घाबरून भरतात. मळ्यांवरच्या मजुराच्या गिरमिटावर, म्हणजे करारावर, अंगठा लागायचा, इथे ओटीपी लागतो. अशा नोटिशीला कोर्टात काडीची किंमत नसते आणि तिला उत्तर देण्याचंही कारण नसतं, पण हे सांगायला त्या क्षणी जवळ कुणी नसतं. त्याचाच भाऊबंद म्हणजे टेलिग्रामवरचा ‘पार्ट टाइम जॉब’. व्हिडिओ लाइक करायचे, सुरुवातीला शे-दीडशे रुपये खरोखर खात्यात येतात, मग मोठ्या ‘टास्क’साठी आपणच पैसे भरायचे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अशी शंभरावर संकेतस्थळं एकदम बंद केली.

या धंद्याचं सगळ्यात भीषण रूप म्यानमारच्या सीमेवर पाहायला मिळालं. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं इशारा दिला की थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ अशा पदांची आमिषं दाखवून आयटीतल्या तरुणांना नेलं जातं आणि सीमा ओलांडून म्यानमारमध्ये डांबलं जातं. म्यावड्डी भागातल्या कुंपणबंद इमारतींत त्यांचं काम एकच, परदेशातल्या लोकांना फोनवरून, चॅटवरून लुबाडणं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या मे सोतहून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणलं. फसवून नेलेल्या माणसाला तिथे फसवणुकीच्याच नोकरीला जुंपलेलं होतं.

अशा ठिकाणी नवी माणसं आणून देणाऱ्याला कमिशन असतं, आणि कधी कधी सुटकेची अटही तीच असते. मळेवाल्यांचीही हीच युक्ती होती. मॉरिशसहून जुन्या मजुराला, सरदाराला, खर्चाचे पैसे देऊन गावी पाठवायचं आणि त्याच्याच भाऊबंदांची भरती करवायची. अनोळखी आरकाट्यावर न बसणारा विश्वास परत आलेल्या शेजाऱ्यावर लगेच बसायचा. म्हणूनच म्यानमारहून परतलेल्यांची चौकशी करताना तपास यंत्रणांना नेलेला कोण आणि नेणारा कोण, हे आधी वेगळं काढावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांनी म्यानमारमधून ६० हून अधिक जणांना सोडवलं आणि पाच एजंटांना पकडलं. त्या पीडितांशी ओळख समाजमाध्यमांवर झाली होती, नोकरी थायलंडमधली सांगितली होती, तिकिटं एजंटांनी काढून दिली होती आणि हातात ठेवलेला व्हिसा पर्यटकाचा होता.